नव्यानं कविता लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आमची कवितेची एक छोटी बैठक भरते. नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंतची आणि ट्रान्सहार्बर पकडून ऐरोली-वाशीहून येणारी मंडळी तिथे जमतात. बैठकीनंतर जिन्यात आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न येत राहतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे पुढे.

मला कविता लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?

आधी मोठ्यानं वाचायला लागा. शाळेच्या पुस्तकातली पाठ असलेली कविता काढा, दार लावा आणि म्हणा. कुठे श्वास घ्यावा लागतो, कुठे जीभ अडते, कुठली ओळ आपोआप पुढच्या ओळीकडे ढकलते, ते ऐका. कविता कानानं शिकायची असते. नुसत्या डोळ्यांनी वाचणाऱ्याला अर्थ कळतो, पण बांधणी कळत नाही.

मग एक वही करा. तिच्यात कविता लिहू नका, ऐकलेली वाक्यं लिहा. भाजीवालीनं गिऱ्हाइकाला दिलेलं उत्तर, लोकलमध्ये चौथ्या सीटवरून झालेला वाद, आजीनं रागानं वापरलेली म्हण. महिन्याभरानं ही वही चाळलीत की पहिल्या ओळी तिच्यातच सापडतील.

कवी जन्मावा लागतो म्हणतात. शिकून कविता येते का?

गाणं शिकायला गुरू लागतो, हे आपण निमूट मान्य करतो. कवितेच्या बाबतीतच लोकांना जन्मजात देणगी आठवते. सूक्ष्म नजर शिकवता येत नसेल कदाचित. मात्रा, यमक, ओळ तोडणं आणि खोडणं मात्र शिकवता येतं. नवशिक्याच्या दहातल्या आठ अडचणी याच चार गोष्टींत असतात.

घरी आम्ही आगरी बोलतो. कविता प्रमाण मराठीतच लिहावी लागेल का?

मुळीच नाही. ज्या भाषेत तुम्ही भांडता, तिच्यात लिहा. बहिणाबाई चौधरींनी खानदेशच्या आपल्या बोलीत ओव्या रचल्या आणि साऱ्या महाराष्ट्रानं त्या पाठ केल्या. ठाणे, बेलापूर, उरणच्या पट्ट्यात आगरी-कोळी बोलीला स्वतःचा ठेका आहे. धवलारीण लग्नात धवले (लग्नाची गाणी) म्हणते तेव्हा तो ऐका. पुस्तकात तो सापडणार नाही.

एकच सांगतो. बोलीचा वापर तोंडी लावण्यापुरता करू नका. प्रमाण भाषेतल्या कवितेत मधेच दोन आगरी शब्द पेरले की ते पाहुण्यासारखे अवघडून बसतात. बोलीतच विचार येत असेल तर सगळी कविता बोलीतच होऊ द्या.

वृत्त, जाती, छंद या तिन्हींत फरक काय?

तिन्हींत मोजायची गोष्ट वेगळी. अक्षरगणवृत्तात लघू-गुरूंचा क्रम ठरलेला असतो, म्हणजे कुठल्या जागी आखूड आणि कुठल्या जागी लांब अक्षर हे पक्कं. जाती म्हणजे मात्रावृत्त. तिथे मात्रांची (आखूड अक्षराची एक, लांब अक्षराच्या दोन) बेरीज आणि आवर्तन सांभाळायचं असतं. छंदात फक्त अक्षरं मोजतात, लघू-गुरू बघत नाहीत. ओवी आणि अभंग हे छंद.

नवशिक्यानं छंदापासून सुरू करावं, मग जातीकडे जावं आणि वृत्ताला शेवटी हात घालावा. शाळेत नेमकं उलटं शिकवतात. आधी 'यमाताराजभानसलगा' हे गणांचं सूत्र पाठ करून घेतात, त्यामुळे पुष्कळांची कवितेशी कायमची फारकत होते. मुळापासून सगळं समजून घ्यायचं असेल तर माधव जूलियनांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ आहे, पण तो पहिल्याच महिन्यात उघडू नका.

मग छंदातली पहिली रचना कोणती करू?

मोठा अभंग. एका चौकात, म्हणजे कडव्यात, चार चरण, अक्षरं 6, 6, 6 आणि 4, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. बैठकीत समजावताना जुळवलेला हा नमुना:

लोकलची दारे
गर्दीने भरली
जागा ना उरली
टेकायाला

मोजून बघा. जोडाक्षर एकच अक्षर धरायचं, म्हणून 'गर्दीने' तीन अक्षरांचं. शेवटचा चार अक्षरांचा चरण आखूड पडतो आणि तिथेच अभंगाचा ठसका आहे. तीन चरण विषय वाढवतात, चौथा तो खाली ठेवतो. त्या जागी ओझं टाकणारा शब्द हवा. पुष्कळजण तिथे 'असे सारे', 'माझ्या मना' असं भरताड घालतात आणि सगळा चौक वाया जातो.

अभंग फक्त भक्तीसाठीच, असं विचारणाऱ्यांना मर्ढेकर वाचायला सांगतो. विसाव्या शतकातलं महानगर त्यांनी याच जुन्या चौकटींत बसवलं.

मात्रा मोजायच्या कशा? कितीदा वाचलं तरी गोंधळ होतो.

हा आम्हाला सर्वांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर असलेलं अक्षर लघू, त्याची एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेलं अक्षर गुरू, त्याच्या दोन. अनुस्वार किंवा विसर्ग स्पष्ट उच्चारला जात असेल तर ते अक्षरही गुरू. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळतो, कवितेत मात्र तो मोजतो. 'घर' बोलताना एका दमात संपतं, पण मात्रा दोन.

आता सोळा मात्रांची ओळ करू. हिला पादाकुलक म्हणतात, आठ-आठचे दोन तुकडे. पहिला प्रयत्न बहुधा असा येतो:

तलावपाळीवर पाऊस पडतो

'तलावपाळी' म्हणजे 1+2+1+2+2, झाल्या 8. 'वर' 2, 'पाऊस' 5, 'पडतो' 4. एकूण 19. तीन जास्त. कुणी म्हणेल, एवढ्यानं काय बिघडतं? टाळी वाजवत म्हणा, म्हणजे कळेल. 'पाऊस'पाशी टाळी शब्दाच्या पोटात पडते.

'पडतो' काढून टाकू. पाऊस दुसरं करणार तरी काय?

तलावपाळीवरती पाउस
भिजतो कणीसवाला अजुनी

तलाव | पाळी | वरती | पाउस. चार-चारचे चार घास. दुसरी ओळ: भिजतो | कणीस | वाला | अजुनी. पुन्हा चार-चार. मात्रांचा खरा उपयोग इथे दिसतो. मोजायला बसलो म्हणून 'पडतो' हा फुकटा शब्द गेला आणि रिकाम्या जागेत कणीसवाला आला. आकडा जुळणं दुय्यम आहे.

कागदावर बेरीज करत बसू नका. मांडीवर बोटांनी चारचा ठेका धरा आणि ओळ म्हणा. आठवड्यात बोटं आपणहून चूक दाखवू लागतात.

'पाऊस'चं 'पाउस' केलंत. हे शुद्धलेखनाच्या विरुद्ध नाही का?

कवीला ऱ्हस्व-दीर्घाची एवढी मुभा जुन्या काळापासून आहे. 'पाउस', 'अजुनी', 'येउन' अशी रूपं छापील कवितेत सर्रास दिसतील. सवलतीला दोन मर्यादा पाळा. अर्थ बदलता कामा नये: 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, तिथे हात लावायचा नाही. आणि एका कडव्यात दोन-तीनदा ही सवलत घ्यावी लागली, तर ओळच दुसरी शोधा.

छापायला देताना संपादकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर मुद्रितशोधक तुमच्या 'पाउस'ला इमानेइतबारे दीर्घ करून वृत्त मोडून ठेवतो.

जोडाक्षराच्या आधीचं अक्षर नेहमी गुरू असतं ना?

नेहमी नाही. नियम आघाताचा आहे. 'पक्षी' म्हणताना 'प'वर जोर येतो, म्हणून तो गुरू, मात्रा 2+2. 'सत्य' 2+1. पण 'तुम्ही', 'पुन्हा' म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर येत नाही, म्हणून तिथे 1+2. म्ह, न्ह, ल्ह यांच्या आधी सहसा असंच होतं.

अडकवणारी जोडी आहे 'दर्या' आणि 'दऱ्या' यांची. पहिल्यात 'र'चा धक्का 'द'ला बसतो: दर्-या, चार मात्रा. दुसऱ्यात 'द' मोकळा राहतो, तीनच मात्रा. 'दुसऱ्या', 'साऱ्या', 'वाऱ्यावर' हे सगळे दुसऱ्या गटातले. शंका आली तर मोठ्यानं म्हणा. डोळा फसतो, कान सहसा फसत नाही.

चरणाच्या अगदी शेवटचं लघू अक्षर गरजेप्रमाणे गुरू धरता येतं, हेही लक्षात असू द्या.

अक्षरगणवृत्तात लिहायचंच असेल तर?

भुजंगप्रयात घ्या. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, म्हणजे त्याची चाल बहुतेक मराठी कानात आधीच बसलेली असते. लघू-गुरू-गुरू हा गट चार वेळा, एकूण 12 अक्षरं. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांसाठी एक ओळ: 'दुपारी ढगांनी भरे रान सारे'. फोड करा: दुपारी, ढगांनी, भरे रा, न सारे.

या वृत्ताला उपदेशाची सवय लागलेली आहे, त्यामुळे चार ओळींत तुम्ही नकळत कुणाला तरी शहाणपण सांगू लागाल. ते आवरा.

एवढं सगळं कशाला? मी मुक्तछंदातच लिहीन.

जरूर लिहा, पण सोपं म्हणून नको. मराठीत मुक्तछंद रुजवणारे कवी अनिल यांनीच पुढे दहा ओळींची 'दशपदी' हा बांधीव प्रकार आणला. बंध सोडणाऱ्यालाही बंध कळत होता.

मुक्तछंदात ठेका तुम्हीच उभा करायचा असतो. त्याची साधनं म्हणजे ओळ कुठे तुटते, कुठला शब्द पुन्हा येतो आणि वाक्य किती लांबतं. एक कसोटी घ्या. तुमची कविता सलग परिच्छेद म्हणून टाइप करा आणि मित्राला वाचायला द्या. त्याला काहीच हरवल्यासारखं वाटलं नाही, तर ते गद्यच होतं. एंटर दाबून ओळी केल्या होत्या इतकंच. अभंगाचा सराव केलेल्यांचा मुक्तछंद जास्त घट्ट असतो, असं मी तरी पाहत आलो आहे.

यमक जुळवताना ओळ कृत्रिम होते. काय करू?

बहुतेकदा यमक आधी ठरवून ओळ त्याच्याकडे ओढत नेली जाते, म्हणून असं होतं. त्यातही 'येते-जाते-गाते' किंवा 'घरात-मनात' अशी प्रत्ययांची यमकं मराठीत फुकट मिळतात आणि वाचकाला ती आधीच ऐकू येतात. नाम आणि क्रियापद जुळवून पाहा: 'ओटी' आणि 'लोटी', 'पाणी' आणि 'आणी'. नुसतं शेवटचं अक्षर जुळून भागत नाही. 'आला-गेला'पेक्षा 'आला-झाला' कानाला भरतं, कारण आधीचा स्वरही मिळतो. आणि यमक नकोच असेल तर सोडून द्या. मोडकं यमक कवितेला अधिक मारतं.

गझल लिहायची आहे. मुक्तछंद जमतो, गझल का जमत नाही?

गझलेत चूक लपवायला जागाच नाही. सर्व शेर, म्हणजे दोन-दोन ओळींचे तुकडे, एकाच वृत्तात हवेत, त्यामुळे मात्रांचा वरचा प्रश्न पक्का झाल्याशिवाय इकडे येऊ नका. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, दोन्ही ओळींना यमक आणि अंत्ययमक लागतं. पुढच्या प्रत्येक शेरात फक्त दुसऱ्या ओळीला.

समजा अंत्ययमक, म्हणजे यमकानंतर जसाच्या तसा येणारा शब्द (रदीफ), 'नव्हता' आहे आणि मतल्यात 'किनारा नव्हता', 'पसारा नव्हता' आलं. काफिया, म्हणजे यमक, ठरला 'आरा'. पुढे 'निवारा' चालेल, 'कोपरा' नाही, कारण 'रा'च्या आधीचा 'आ' हा स्वर तिथे नाही. या स्वराला अलामत म्हणतात. नवशिक्यांच्या निम्म्या गझला इथेच पडतात. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' या छोट्या पुस्तिकेत हे सगळं सोपं करून ठेवलं आहे.

एक गोष्ट तांत्रिक नाही, पण महत्त्वाची: प्रत्येक शेर सुटा उभा राहिला पाहिजे. एक गोष्ट पाच शेरांत पसरून सांगितली तर ती गझलेच्या कपड्यातली कविता होते.

हायकूत 5-7-5 पाळायलाच हवं का?

शिरीष पै यांनी हायकू मराठीत आणला, तेव्हा तीन ओळी आणि एक क्षण यांवर भर होता, मोजणीवर नाही. जपानीतली मोजणी आपल्या अक्षरांशी तंतोतंत जुळतही नाही. सरावासाठी मोजलीत तर हरकत नाही:

ओहोटी आली
चिखलात रोहित
एकटा उभा

रोहित म्हणजे फ्लेमिंगो. शेवटच्या ओळीत तात्पर्य काढू नका. 'एकटा उभा'च्या जागी 'आयुष्य असेच' लिहिलंत की हायकू तिथेच संपतो.

कविता लिहून झाली. आता ती सुधारायची कशी?

आठवडाभर तिच्याकडे बघू नका. मग मोठ्यानं वाचा आणि जिथे स्वतःचाच कंटाळा येतो तिथे खूण करा. जून लागला की आमच्याकडे या धर्तीचं कडवं हमखास येतं:

आज पुन्हा पाऊस आला
मनी आठवणींचा पूर दाटला
डोळ्यांतून धारा वाहू लागल्या
तुझ्याविना जगणे व्यर्थ झाले

दुःख खरं असेल, पण त्यातला एकही शब्द या माणसाचा स्वतःचा नाही. अशा वेळी आम्ही कवितेबद्दल बोलतच नाही. विचारतो, त्या दिवशी घरात काय झालं? समजा उत्तर आलं, 'काही नाही, ह्यांची छत्री तशीच खुंटीला आहे. काडी तुटलीय. दुरुस्तीवाला स्टेशनच्या पुलाखाली बसतो, पण नेववत नाही.' मग तेच लिहायचं:

काडी तुटलेली छत्री
तशीच आहे.
पुलाखाली दुरुस्तीवाला बसतो,
माहीत आहे.
पाऊस सुरू झाला.

'आठवण', 'व्यर्थ', 'धारा' हे तिन्ही शब्द गेले, तरी दुःख कमी झालं नाही. 'आहे'ची पुनरुक्ती यमकाचं काम करते आहे. शेवटची ओळ मी तरी काढून टाकीन. छत्री आली तिथेच पाऊस आला. तो पुन्हा सांगितला की वाचकावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. यावर बैठकीत मतभेद होतात आणि ते व्हावेत.

ठाण्यात चांगल्या कविता वाचायला, ऐकायला कुठे मिळतील?

वाचायला मराठी ग्रंथसंग्रहालय. 1893 पासून चालू आहे. जुने संग्रह, जे दुकानात मिळत नाहीत, ते इथे शोधावेत. ऐकायला गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृहातले कार्यक्रम, नवी मुंबईकरांना वाशीचं भावे नाट्यगृह. ज्यांचं नाव रंगायतनला दिलं आहे ते राम गणेश गडकरी 'गोविंदाग्रज' या नावानं कविता लिहीत, हे नाटकाला येणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसतं. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास, गल्लोगल्ली काव्यवाचनं होतात. साहित्य संमेलनात कविकट्टा असतो. 2010 साली 84वं संमेलन ठाण्यातच झालं होतं.

वाचायची संधी मिळाली तर काय काळजी घेऊ?

एकच कविता वाचा, लहान. 'ही कविता मला कशी सुचली' हे सांगू नका. आपली वाचून झाल्यावर उठून जाऊ नका.

'तुमच्या कवितेची प्रातिनिधिक संग्रहासाठी निवड झाली आहे, अमुक रुपये भरा' असा मेसेज आलाय. भरू का?

पैसे भरणारा प्रत्येकजण निवडला जात असेल, तर त्याला निवड म्हणत नाहीत. हौस म्हणून चार प्रती हव्या असतील तर डोळे उघडे ठेवून भरा. आयएसबीएन क्रमांकाचं आमिष दाखवत असतील तर तो भारतात विनामूल्य मिळतो, हे माहीत असू द्या. सन्मानपत्र, मानचिन्ह आणि 'काव्यभूषण' यांचाही असाच हिशेब. त्यापेक्षा दिवाळी अंकांना पाठवा. मात्र पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवा. गणपतीत पाठवलेली कविता बहुतेक उशिराची ठरते.

माझी कविता नाव काढून फिरते आहे. काही करता येतं का?

कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही. 1957च्या कायद्यानं कविता लिहिली तेव्हाच हक्क तुमचा होतो आणि तो कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. कवी म्हणून नाव लागण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. पुरावा म्हणून तारखेसह ईमेल, जुना खर्डा, छापील अंक जपून ठेवा. प्रत्यक्षात, ज्या ग्रुपवर कविता दिसेल तिथे लगेच नम्रपणे लिहिलं तर बरेच लोक नाव टाकतात.

दुसऱ्याच्या ओळीवरून कविता सुचली तर ती चोरी का?

ओळ कुणाची हे सांगितलंत तर नाही. गझलेत तर दुसऱ्याची ओळ घेऊन त्याच जमिनीत (वृत्त, काफिया, रदीफ तेच ठेवून) लिहायची 'तरही'ची रीतच आहे. अडचण न सांगता घेतलेल्या प्रतिमेची असते. आवडत्या कवीचं अनुकरण सुरुवातीला सगळेच करतात, करावंही. ते वहीत ठेवायचं, स्पर्धेला पाठवायचं नाही.

एआयकडून लिहून घेतली तर?

मग आमच्या बैठकीत ती तुमची म्हणून वाचू नका. पर्यायी शब्द किंवा यमकांची यादी विचारायला हरकत नाही. मात्रा मात्र त्यानं सांगितल्या तरी स्वतः मोजा.

माझ्या कविता पाठवल्या तर तपासून द्याल का?

देऊ. एका वेळी एकच पाठवा, टाइप करून. वहीच्या पानाचा तिरपा फोटो नको. खाली फुलांची, चंद्राची इमोजी नको. वृत्तात असेल तर वृत्ताचं नाव लिहा. सोबत आदल्या खर्ड्याची प्रत जोडा, कारण काय खोडलंत हे बघितल्याशिवाय आम्हाला फारसं सांगता येत नाही. पहिलाच खर्डा असेल तर आठवडाभर थांबून पाठवा. 'खूप छान' एवढंच उत्तर हवं असेल तर घरच्या ग्रुपवर टाका.